एका विनंतिपत्राचा इतिहास

मी एक सेवानिवृत्त शाळामास्तर आहें. मॅट्रिकपलीकडे माझें शिक्षण गेलें नाहीं, आणि उभें आयुष्य खडू, फळा व निबंधाच्या वह्या यांच्या संगतींत गेलें. असा मनुष्य संगणकाच्या आज्ञावलीविषयीं बोलूं लागला म्हणजे आपणांपैकीं कित्येकांस आश्चर्य वाटेल, आणि तें रास्तहि आहे. परंतु मीं निवडलेला विषय यंत्राचा नसून पत्राचा आहे. आपण केलेलें काम दुसऱ्यापुढें ठेवून ‘हें तपासा, आणि योग्य वाटल्यास आपल्या कामांत सामील करून घ्या,’ असें नम्रपणें परंतु स्पष्टपणें कसें सांगावें, हा तो विषय होय. आज्ञावली लिहिणाऱ्या मंडळींत अशा पत्राला ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणतात. आपल्या भाषेंत ‘ओढून घेण्याची विनंति’ असें म्हणावें लागेल. नांव विचित्र आहे खरें. पण तें असें कां पडलें याला एक इतिहास आहे, आणि तो आपल्यासारख्या बाहेरच्या माणसांनींहि ऐकावा असा आहे.

या इतिहासाकडे माझें लक्ष वेधलें तें घरांतल्याच एका प्रसंगानें. माझा धाकटा पुतण्या पुण्यास आज्ञावली लिहिण्याचें काम करतो. गेल्या दिवाळींत तो घरीं आला तो उतरलेल्या चेहऱ्यानें. तीन आठवडे खपून त्यानें नऊशे ओळींचा एक फेरफार तयार केला होता, आणि त्यावर ‘कांहीं सुधारणा’ एवढेच दोन शब्द लिहून तो वरिष्ठांकडे धाडला होता. तो जसाच्या तसा परत आला. ‘यांत काय केलें आहे व कां केलें आहे, तें आधीं कळवा,’ एवढाच शेरा. पुतण्या म्हणाला, “काका, काम तर माझें बरोबर आहे. त्यांनीं वाचून पाहायला काय हरकत होती?”

मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या शाळेचें छप्पर गळत होतें, एका शिक्षकाची जागा रिकामी होती, आणि आवारांतील विहिरीला कठडा नव्हता. या तिन्ही गोष्टी मीं एकाच अर्जांत, तीन पानें भरून, वरच्या कचेरीस कळविल्या. अर्ज सहा महिन्यांनीं परत आला. छपराचें काम एका टेबलाकडे, शिक्षकाचें दुसऱ्याकडे, विहिरीचें तिसऱ्याकडे. माझा अर्ज कोणत्याच टेबलावर स्थिरावेना. तो पावसाळा आम्हीं वर्गाच्या मध्यभागीं बादली ठेवून काढला. मुलें बादलीच्या दोहों बाजूंस बसत आणि मी पाढे म्हणून घेत असें. अर्जांतील शब्द न् शब्द खरा होता. पण अर्ज नुसता खरा असून भागत नाहीं. तो वाचणाऱ्याला निकालांत काढतां आला पाहिजे, हें मला त्या बादलीनें शिकविलें. पुतण्याला मीं ही गोष्ट सांगितली, आणि त्याच्याकडून त्याच्या धंद्यांतील या पत्राचा इतिहास समजून घेतला. त्यांत माझ्या वाचनाची भर घालून तो आज आपणांस सांगत आहें.

आज्ञावली म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची लेखी मालिका. मोठी आज्ञावली लक्षावधि ओळींची असते, आणि तींत एका चिन्हाची चूक झाली तरी अनर्थ ओढवूं शकतो. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाहीं, हा निबंधाच्या वह्या तपासणाऱ्या प्रत्येक मास्तराचा अनुभव आहे. म्हणून एकानें लिहावें व दुसऱ्यानें वाचावें, ही चाल या धंद्यांतहि लौकरच पडली. तिला शिस्तीचें रूप दिलें तें आय.बी.एम. या अमेरिकन कंपनींतील मायकेल फॅगन यांनीं. १९७६ सालीं त्यांनीं कंपनीच्या नियतकालिकांत एक लेख प्रसिद्ध केला. त्यांच्या पद्धतींत साधारणतः चार माणसें एकत्र बसत: एक सूत्रधार, एक रचना करणारा, एक लिहिणारा आणि एक चाचणी घेणारा. बैठकींत चुका फक्त शोधायच्या. त्या सुधारायच्या कशा हा वाद तेथें घालावयाचा नाहीं, असा दंडक होता.

पद्धति उत्तम होती. परंतु तीसाठीं चौघांना एका खोलींत, एका मेजाभोंवतीं बसावें लागे. चौघे चार खंडांत राहत असतील, आणि त्यांनीं एकमेकांचें तोंडहि पाहिलेलें नसेल, तर काय करावें? या प्रश्नाचें उत्तर पत्रव्यवहारांतून निघालें.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत डग्लस मॅकिलरॉय यांनीं ‘डिफ’ नांवाचें एक साधन तयार केलें होतें. जुना मजकूर व नवा मजकूर यांची तुलना करून, कोणत्या ओळी गेल्या आणि कोणत्या आल्या, तेवढेंच तें दाखवी. पुढें १९८५ सालीं लॅरी वॉल यांनीं त्याच्या जोडीला ‘पॅच’ नांवाचें साधन प्रसिद्ध केलें. पॅच म्हणजे ठिगळ. फरकाचा कागद हातीं आला, कीं हें साधन तो फरक जुन्या मजकुरावर बरोबर जागीं बसवी. आजपर्यंत संबंध गोधडी इकडून तिकडे पाठवावी लागत होती. आतां नुसतें ठिगळ पाकिटांत घालून पाठवितां येऊं लागलें. शिवाय वाचणाऱ्याला गोधडी उलगडून पाहण्याचा त्रास उरला नाहीं; नवीन काय तेवढेंच त्याच्या डोळ्यांपुढें येऊं लागलें.

२५ ऑगस्ट १९९१ रोजीं फिनलंड देशांतील हेलसिंकी येथील विश्वविद्यालयाच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें, आपण हौसेखातर एक कार्यप्रणाली तयार करीत असल्याचें जाहीर केलें. कार्यप्रणाली म्हणजे यंत्र आणि इतर सर्व आज्ञावल्या यांच्यामधील कारभारी. हीच पुढें लिनक्स या नांवानें प्रसिद्ध झाली. आज आपणांपैकीं बहुतेकांच्या खिशांत असलेला अँड्रॉइड जातीचा दूरध्वनि त्याच लिनक्सच्या पायावर उभा आहे. टोरवाल्ड्स यांनीं आपलें लिखाण सर्वांस खुलें ठेवलें, आणि देशोदेशींचे लोक संगणकाच्या टपालानें त्यांच्याकडे ठिगळें पाठवूं लागले. टोरवाल्ड्स तीं वाचीत. पसंत पडलीं तर आपल्या प्रतीवर लावीत, न पडलीं तर सोडून देत. आवक-जावक वही अशी नव्हतीच.

काम वाढलें तसा हा एकखांबी तंबू वाकूं लागला. पाठविलेलें ठिगळ नापसंत झालें कीं नजरेआड झालें, हेंच पाठविणाऱ्यास कळेना. मग तेंच पत्र दुसऱ्यांदां, तिसऱ्यांदां पाठवावें आणि वाट पाहावी. जानेवारी २००२ मध्यें तर लहानसहान ठिगळें सांभाळण्यासाठीं एखादा स्वतंत्र मनुष्य नेमावा, अशी जाहीर सूचना पुढें आली. पुढच्याच महिन्यांत टोरवाल्ड्स यांनीं लॅरी मॅकव्हॉय यांच्या कंपनीची ‘बिटकीपर’ ही आज्ञावली वापरावयास घेतली. कोणता फेरफार कोणी केला, केव्हां केला आणि काय म्हणून केला, याचें पक्कें दफ्तर तींत राही.

या दफ्तराची किंमत पुढच्याच वर्षीं कळून आली. ज्यांना बिटकीपर वापरावयाचें नव्हतें त्यांच्यासाठीं लिनक्सच्या लिखाणाची एक नक्कल वेगळ्या संगणकावर ठेवलेली असे. नोव्हेंबर २००३ मध्यें कोणी अज्ञात इसमानें त्या संगणकांत शिरून नकलेमध्यें दोन ओळी घुसडल्या. दिसण्यांत त्या अगदीं साळसूद होत्या. परंतु त्यांत जेथें बरोबरीचें चिन्ह दोनदां यावयास हवें तेथें तें एकदांच होतें. त्या भाषेंत दुहेरी चिन्हाचा अर्थ ‘हे दोन समान आहेत काय?’ असा प्रश्न, आणि एकेरी चिन्हाचा अर्थ ‘हें असें कर’ अशी आज्ञा. त्या एका चिन्हाच्या फरकानें, युक्ति ठाऊक असलेल्या कोणाहि मनुष्याला संबंध यंत्राचें स्वामित्व मिळालें असतें. ही लबाडी पकडली गेली ती कशी? मूळ दफ्तराशीं नक्कल पडताळतांना मॅकव्हॉय यांना असें आढळलें कीं, या दोन ओळींना मंजुरीची नोंदच नाहीं. जी नोंद प्रत्येक प्रामाणिक फेरफाराबरोबर असे ती येथें नव्हती, आणि तेवढ्यावरून चोर ओळखूं आला. चोर कोण हें कधींच उघड झालें नाहीं. पण चोरी वायां गेली.

त्याच वर्षीं दुसरें एक संकट आलें. लिनक्समध्यें आपल्या मालकीचें लिखाण वापरलें गेलें आहे, असा दावा एस.सी.ओ. या कंपनीनें मांडला व आय.बी.एम.ला न्यायालयांत खेंचलें. तेव्हां कोणती ओळ कोठून आली, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहिला नाहीं. २००४ च्या मे महिन्यांत टोरवाल्ड्स यांनीं नियम सुचविला कीं, प्रत्येक ठिगळाखालीं पाठविणाऱ्यानें आपल्या नांवानिशीं सही करावी, आणि हें लिखाण देण्याचा आपणांस अधिकार आहे अशी ग्वाही द्यावी. ठिगळ ज्याच्या ज्याच्या हातून वर जाईल त्यानेंहि खालीं आपली सही जोडावी. आपल्याकडे टिपण वर चढतांना एकाखालीं एक सह्या पडत जातात, तसाच हा प्रकार झाला.

एप्रिल २००५ मध्यें बिटकीपर फुकट वापरण्याची सवलत संपली. दुसरें मनाजोगें साधन मिळेना, म्हणून टोरवाल्ड्स स्वतःच एक नवें साधन लिहावयास बसले. ३ एप्रिल रोजीं काम सुरू झालें, आणि ७ एप्रिलपर्यंत तें साधन स्वतःच्याच लिखाणाचें दफ्तर ठेवूं लागलें होतें. त्याचें नांव ‘गिट’. जुलै महिन्याच्या अखेरीस त्यांनीं त्याचा कारभार जुनिओ हमानो या जपानी गृहस्थांकडे सोंपविला. गिटमध्यें प्रत्येक नोंदीला, तिच्या मजकुरावरूनच गणितानें काढलेली, चाळीस चिन्हांची एक खूण मिळे. मजकुरांत एक अक्षर बदललें तरी खूण बदलावयाची. दुसरें असें कीं, प्रत्येक लेखकाजवळ संपूर्ण कोठाराची स्वतःची प्रत असते. तो आपल्या घरीं बसून वाटेल ते फेरफार करील. मुख्य कोठाराला त्याची झळ लागत नाहीं.

आतां त्या विचित्र नांवाचा उलगडा होतो. ठिगळ पाठविणें म्हणजे आपली वस्तु दुसऱ्याच्या दारांत नेऊन टाकणें. नव्या पद्धतींत लेखक कोणाच्या दारांत कांहीं टाकीत नाहीं. तो आपलें काम आपल्याच कोठारांत, उघड्यावर ठेवतो, आणि मुख्य कोठार सांभाळणाऱ्यास लिहितो कीं, ‘माझ्याकडे अमुक ठिकाणीं अमुक काम तयार आहे. आपण पाहावें, आणि मनास आल्यास तें ओढून घ्यावें.’ ढकलण्याचा हक्क पाठविणाऱ्याला नाहीं. ओढण्याचें स्वातंत्र्य घेणाऱ्याला आहे. म्हणून ती विनंति. असें पत्र तयार करून देणारें एक लहानसें साधन गिटमध्यें २००५ सालींच आलें. त्या पत्रांत कोणत्या नोंदीपासून पुढचे फेरफार आहेत, ते कोठें ठेवले आहेत, कोणी कोणता फेरफार केला आणि कोणत्या कागदांत किती ओळी वाढल्या वा घटल्या, एवढें सारें आपोआप येतें. एक गोष्ट मात्र तें साधन देऊं शकत नाहीं, आणि ती म्हणजे ‘कां’. ती लेखकालाच लिहावी लागते.

हा ‘कां’ कसा लिहावा, याविषयीं लिनक्सच्या कागदपत्रांत एक प्रकरणच आहे. त्याचा गोषवारा मी सांगतों. प्रथम अडचण सांगा. ती अडचण वापरणाऱ्याला कशी जाणवते तें सांगा. मग आपण काय केलें तें साध्या भाषेंत लिहा. मथळा सत्तर-पंचाहत्तर अक्षरांच्या आंत बसवा, आणि तेवढ्यांत विषय कळूं द्या. एका ठिगळांत एकच गोष्ट करा. दोष दुरुस्त करणें आणि काम जलद करणें हीं दोन कामें असतील तर तीं वेगवेगळीं पाठवा. तपासणारानें शंका काढली तर तिला उत्तर द्या, गप्प बसूं नका. आणि उत्तर यावयास विलंब लागला तर निदान आठवडाभर धीर धरा, तपासणारालाहि दुसरीं कामें असतात. श्रोतेहो, यांत संगणकाचें म्हणून असें काय आहे? माझ्या तीन पानी अर्जाच्या वेळीं हें प्रकरण मला कोणी वाचून दाखविलें असतें, तर छप्पर पावसाळ्यापूर्वीं झालें नसतें असें मला खात्रीनें म्हणवत नाहीं.

२००८ सालीं अमेरिकेंत ‘गिटहब’ नांवाची संस्था निघाली. गिटचीं कोठारें एके ठिकाणीं ठेवण्याची सोय तिनें केली, आणि त्या वर्षाच्या फेब्रुवारींतच पुल रिक्वेस्टचें एक बटण तेथें आलें. बटण दाबावें, चार शब्द लिहावे, कीं विनंति पोहोंचली. २०१० मध्यें त्यांत सुधारणा होऊन, फेरफाराची ओळ न् ओळ पुढें ठेवून तिच्याखालींच चर्चा करण्याची व्यवस्था झाली. या सोयीमुळें खेड्यांतल्या विद्यार्थ्यासहि जगांतील मोठ्या कामांत हात घालतां येऊं लागला, हा तिचा उपकार मोठा आहे. २०१८ सालीं मायक्रोसॉफ्टनें साडेसात अब्ज डॉलर किंमतीचे भाग देऊन ही संस्था विकत घेतली, यावरून तिचा पसारा ध्यानांत येईल. परंतु सोय वाढली कीं काळजी घटते, हा जुनाच नियम आहे. २०१२ च्या मे महिन्यांत खुद्द टोरवाल्ड्स यांनीं, या बटणाच्या वाटेनें आलेल्या विनंत्या आपण लिनक्ससाठीं घेणार नाहीं, असें सांगितलें. पाठविणाऱ्याचा नीट पत्ता नाहीं, कोठें किती ओळी बदलल्या याचा गोषवारा नाहीं, अशी त्यांची तक्रार होती. ज्यानें हें साधन निर्माण केलें त्यालाच त्याचें सोपें झालेलें रूप नको होतें. कारण पत्र पाठविणें सोपें झालें होतें, वाचणें मात्र अवघड.

कोणी म्हणेल, पत्र थोडें अस्पष्ट राहिलें तर एवढें काय बिघडतें? त्याचें उत्तर २००८ च्याच मे महिन्यांत साऱ्या जगाला मिळालें. ती हकीकत थोडी विस्तारानें सांगतों.

लिनक्सवर आधारलेली ‘डेबियन’ नांवाची एक मोठी कार्यप्रणाली आहे. ती स्वयंसेवक चालवितात. तींत ‘ओपनएसएसएल’ ही दुसऱ्या एका मंडळीनें लिहिलेली आज्ञावली वापरलेली असते. दोन संगणकांमधील बोलणें गुप्त ठेवण्यासाठीं ज्या किल्ल्या लागतात त्या ही आज्ञावली घडविते. किल्ली पक्की होण्यास कोणालाहि अंदाज बांधतां येणार नाहीं असे अंक हवेत; म्हणून अनेक ठिकाणांहून मिळेल ती अनपेक्षित माहिती गोळा करून ती एका पात्रांत घुसळली जाते. २००६ सालीं डेबियनच्या एका स्वयंसेवकाकडे तक्रार आली कीं, दोष शोधण्याचें एक साधन या घुसळणीच्या दोन ओळींवर सारखें बोट ठेवीत आहे. त्या दोन ओळी दिसण्यांत अगदीं सारख्या होत्या. परंतु त्यांच्या जागा वेगळ्या होत्या. एक ओळ गेली असती तरी फारसें बिघडलें नसतें. दुसरी ओळ म्हणजे सारी माहिती पात्रांत ओतणारी धारच होती.

या गृहस्थानें ओपनएसएसएलच्या मंडळीस पत्र लिहून विचारलें. म्हणजे त्यानें लपवाछपवी केली नाहीं, हें आधीं त्याच्या पदरांत घातलें पाहिजे. या ओळी काढल्यास काय परिणाम होईल हें आपणांस ठाऊक नाहीं, असेंहि त्यानें सरळ लिहिलें होतें. परंतु पत्राचा आरंभ होता दोष शोधण्याच्या साधनापासून. हा फेरफार एका मोठ्या कार्यप्रणालींतून असंख्य लोकांच्या घरीं जाणार आहे, ही गोष्ट वाचणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल अशी त्यांत लिहिलेली नव्हती. आजूबाजूच्या लिखाणासकट प्रत्यक्ष ठिगळहि मंजुरीसाठीं पुढें ठेवलेलें नव्हतें. वाचणाऱ्यानें तो प्रश्न आपल्या परीनें समजून घेतला, आणि दोष शोधण्यास मदत होत असेल तर ओळी काढण्यास हरकत नाहीं, अशा अर्थाचें उत्तर दिलें. विचारणाऱ्याला वाटलें मंजुरी मिळाली. सांगणाऱ्याला वाटलें आपण एका तात्पुरत्या सोयीविषयीं मत दिलें.

ओळी गेल्या. सप्टेंबर २००६ मध्यें तो फेरफार डेबियनमध्यें बाहेर पडला, आणि तिच्यावर आधारलेल्या उबुंटुसारख्या प्रणालींतहि गेला. आतां पात्रांत उरलें होतें काय? चालू असलेल्या प्रत्येक कामाला संगणक जो अनुक्रमांक देतो, तेवढाच. हा अनुक्रमांक बहुतेक यंत्रांत ३२,७६८ च्या पलीकडे जात नसे. म्हणजे जी किल्ली विश्वाच्या अंतापर्यंत शोधून सांपडूं नये, ती बत्तीस हजार किल्ल्यांच्या एका जुडग्यांत हमखास सांपडणार! सुमारे वीस महिने कोणासच याचा पत्ता नव्हता. कुलपें लागत होतीं, उघडत होतीं, सर्व कांहीं ठीक चाललेलें दिसत होतें. अखेर अर्जेंटिनाचे लुसियानो बेल्लो यांच्या ध्यानीं हा दोष आला, आणि १३ मे २००८ रोजीं डेबियननें तो जाहीर केला. त्या काळांत अशा यंत्रांवर घडविलेल्या किल्ल्या टाकून देऊन नव्या घडविणें, हाच उपाय होता. ज्यानें त्यानें आपापलीं कुलपें बदलावीं, असा प्रसंग देशोदेशींच्या लोकांवर आला.

या हकीकतीचा मीं पुष्कळ विचार केला. २००३ मध्यें घुसडलेल्या दोन ओळींना पत्र नव्हतें, म्हणून त्या पकडल्या गेल्या. २००६ मध्यें काढलेल्या दोन ओळींना पत्र होतें, पण तें पत्र मुद्द्याचें बोललें नाहीं, म्हणून त्या सुटल्या. पहिल्या प्रकरणांत दुष्ट मनुष्य होता; दुसऱ्यांत दोन्ही बाजूंस भले लोक होते, आणि हानि झाली ती दुसऱ्यांत. तपासणारा मनुष्य आपल्यापुढें ठेवलेल्या प्रश्नाचें उत्तर देतो; न विचारलेल्या प्रश्नाचें देत नाहीं. म्हणून प्रश्न नीट ठेवण्याची जबाबदारी विचारणाऱ्याची. ‘मला हें हवें आहे’ एवढें सांगून ती संपत नाहीं. हें कोठें वापरलें जाणार, कोणावर याचा परिणाम होणार, आणि मला स्वतःला यांतील कोणता भाग नीट समजलेला नाहीं, हें पहिल्या चार ओळींतच यावें. शंका पत्राच्या पोटांत दडून राहिली तर ती लिहूनहि न लिहिल्यासारखीच.

याचा अर्थ असा नव्हे कीं, पत्र स्वच्छ लिहिलें व तपासणी झाली म्हणजे चूक अशक्य झाली. त्याच ओपनएसएसएलमध्यें पुढें एक नवी सोय आली. एका संगणकानें दुसऱ्यास कांहीं अक्षरें पाठवावीं, त्यांची संख्या सांगावी, आणि दुसऱ्यानें तेवढीं अक्षरें परत पाठवून आपण जागे असल्याचें कळवावें, अशी ती योजना. संख्या खरी आहे कीं नाहीं हें पाहण्याचें मात्र राहून गेलें. थोडीं अक्षरें पाठवून मोठी संख्या सांगितली, तर दुसरा संगणक उरलेली भरती आपल्या स्मृतींतील शेजारच्या गुप्त मजकुरानें करी. हा फेरफार रीतसर तपासला गेला होता. ३१ डिसेंबर २०११ रोजीं तो मंजूर झाला, मार्च २०१२ मध्यें लोकांच्या हातीं गेला, आणि त्यांतील दोष ‘हार्टब्लीड’ या नांवानें एप्रिल २०१४ मध्यें उघडकीस आला. लिहिणाऱ्याची नजर चुकली, तपासणाऱ्याचीहि चुकली. एवढ्या महत्त्वाच्या कामास त्या काळीं फार थोडीं माणसें वाहिलेलीं होतीं. तपासणारा हाहि दिवसाकाठीं थकणारा मनुष्य आहे. साठावी वही तपासतांना पहिल्या वहीइतकी माझी नजर तीक्ष्ण राहत नसे, हें मी आज कबूल करतों. तेव्हां त्याच्या हातीं नऊशे ओळींचें गाठोडें देऊन ‘कांहीं सुधारणा’ म्हणणें, हा त्या थकलेल्या डोळ्यांवर अन्याय आहे. फेरफार लहान ठेवणें आणि त्याचें कारण लिहिणें, ही लेखकानें त्याला केलेली मदत आहे.

आतां पुतण्याचें काय झालें, तें सांगून माझें भाषण संपवितों. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं त्यानें तें गाठोडें सोडलें. आंत तीन निरनिराळीं कामें निघालीं. पहिलें एका दोषाची दुरुस्ती. तिचें कारण त्यानें चार ओळींत लिहिलें, आणि दोष पुन्हां कसा घडवून पाहावा तेंहि लिहिलें. दुसरें जुन्या लिखाणाची मांडणी सरळ करण्याचें. तेथें त्यानें स्पष्ट म्हटलें कीं, यानें आज्ञावलीच्या वागणुकींत कांहींच फरक पडत नाहीं. हीं दोन्ही पत्रें पुढें आठवड्याभरांत मंजूर झालीं.

तिसऱ्यापाशीं मात्र तो अडला. हातांत लेखणी धरून बराच वेळ बसला. मीं विचारलें, “काय रे, शब्द सुचत नाहींत?” तो म्हणाला, “शब्द आहेत, काका. पण हें मीं कां केलें, तेंच मला सांगतां येत नाहीं.” त्या तिसऱ्या कामाच्या साडेचारशे ओळी होत्या, आणि त्यांवर त्याचे दहा-बारा दिवस गेले होते. त्यानें आणखी थोडा वेळ विचार केला, आणि त्या पाठविल्याच नाहींत.